पदकाच्या कडेवरचे नाव

आमच्या जवळा बाजारातल्या एका विद्यार्थ्याच्या दादीने मला एकदा मुद्दाम घरी बोलावून घेतले. शहरातून जुन्या वस्तू विकत घेणारा एक गृहस्थ येऊन गेला होता. त्याने पेटीतला चांदीचा तमगा हातात घेतला, भिंग लावून त्याची कड वाचली, एक किंमत सांगितली आणि पुन्हा येतो म्हणून निघून गेला. "उसने क्या पढ़ा, वो मेरे कू पढ़ के बताओ, मास्टर साब," एवढेच दादीचे म्हणणे होते. कडेवर इंग्रजीत नंबर होता, 'सवार' हा हुद्दा होता, तिच्या आजोबांचे नाव मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये होते आणि पलटणीचे नाव होते डेक्कन हॉर्स. भाऊ नसल्यामुळे हा तमगा तिच्याबरोबर माहेरून सासरी आला होता. मी वाचून दाखवल्यावर तिने विचारले, "इसमें हमारे गाँव का नाम नै है क्या?"

ते नव्हतेच. 1914 ते 1918 च्या महायुद्धाचे हे पदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळाले आणि लष्कराबरोबर गेलेल्या मजुरांना व नोकरचाकरांना ब्राँझचे. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण. त्यापुढे काही नाही. संग्राहकाला एवढे पुरते, किंबहुना नाव कोरलेले असते म्हणूनच तो या पदकांवर जीव टाकतो. कडेवरून पलटण कळते, पलटणीवरून लढाई कळते, आणि लढाईवरून भाव ठरतो. डेक्कन हॉर्स म्हटले की 14 जुलै 1916 ची सोमच्या रणभूमीवरची, हाय वूडजवळची घोडदौड आलीच. आपल्या भागाला ही पलटण परकी नव्हे. हिंगोलीला 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि डेक्कन हॉर्स हे रिसाले त्या कंटिंजंटमधूनच निघालेले. दख्खनी मुसलमान त्यांत पिढ्यानपिढ्या भरती होत आले.

दादीचा तो प्रश्न मनात घेऊनच मी या विषयावरची दोन इंग्रजी पुस्तके वाचली. पहिले डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेले, हिंदी शिपायांच्या पत्रांचे, 1999 चे. फ्रान्समध्ये असलेल्या आपल्या फौजेची पत्रे सरकारी सेन्सॉर उघडून वाचत असे. 1915 च्या सुरुवातीस आठवड्याला दहा-वीस हजार पत्रे लिहिली जात. त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे पुढे घरी गेली आणि बहुतेक नष्ट झाली. म्हणजे ज्याला आपण शिपायाचा आवाज म्हणतो तो सेन्सॉरच्या इंग्रजीतून आलेला आवाज आहे.

या पुस्तकाचे मोल मी कमी करत नाही. हिंदी आणि गोऱ्या शिपायांसाठी काळी आणि लाल मिरची असे सांकेतिक शब्द वापरून सेन्सॉरला चकवणारी माणसे त्यात भेटतात, आणि त्यांच्याविषयी मनात आदर दाटतो. तरीही वर्गात उर्दू खत कसे लिहावे हे शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ते वाचताना अस्वस्थ वाटत राहते. पत्राच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचे नाव, त्याची जमात, मूळ भाषा, तारीख सगळे नीट दिलेले आहे. परंतु आपल्याकडे खताचा जीव ज्यात असतो ते अल्काब-आदाब, ती सलाम-दुआ, घरातल्या एकेकाचे नाव घेऊन केलेली विचारपूस हे बहुधा गळालेले. मी दोन-तीन पत्रे पुन्हा उर्दूत करून पाहिली, पण 'मदर' या शब्दापाशी अडलो. लिहिणाऱ्याने अम्माँ लिहिले होते, वालिदा साहिबा की माँ जी? बायकोचे नाव खतात घ्यायचे नाही, 'मुन्ने की माँ' म्हणायचे, अशी ज्या घरांची रीत होती त्या घरांतल्या कुरबुरी आज जगभरचा वाचक वाचतो. त्या बायकांची परवानगी सेन्सॉरने घेतली नाही. आपणही घेऊ शकत नाही. इतिहासकाराने म्हणून गप्प बसावे असे मी म्हणणार नाही. मात्र प्रस्तावनेत सेन्सॉरच्या कामकाजाला जेवढी जागा मिळते, तेवढी ही खते ज्या ओसरीवर वाचली जाणार होती तिलाही मिळायला हवी होती.

दुसरे पुस्तक संतनु दास यांचे, 2018 चे. बंगालमधल्या चंदननगरच्या संग्रहालयात जोगेंद्रनाथ सेन याचा रक्ताचा डाग असलेला चश्मा आहे. लीड्स विद्यापीठाचा हा इंजिनिअर साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि मे 1916 मध्ये मारला गेला. दास अशा वस्तूंपाशी थांबतात. त्या कुणाच्या घरात, कुणाच्या उशाशी राहिल्या हेही विचारतात. कधीकधी ते वस्तूच्या स्पर्शात फार रमतात, हा दोष मला जाणवला. पण त्यांच्याचमुळे मला 'कल्याण-प्रदीप' या 1928 च्या बंगाली पुस्तकाची ओळख झाली. कॅप्टन कल्याण मुखर्जी हा लष्करी डॉक्टर कूतच्या वेढ्यात सापडला (त्याच वेढ्यात आपल्या 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या) आणि 1917 मध्ये तुर्कांच्या कैदेत मरण पावला. त्याची पत्रे घेऊन ऐंशी वर्षांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, त्याचे चरित्र लिहिले. कोणते पत्र द्यायचे आणि कुठे हुंदका आवरायचा हे इथे घरानेच ठरवले आहे. माझ्या लेखी या तिघांत हेच पुस्तक सर्वांत प्रामाणिक.

घराला हा हक्क क्वचितच मिळतो. नाईक किरपाराम यांचे जॉर्ज क्रॉस त्यांच्या विधवेच्या घरातून 2002 मध्ये चोरीला गेले आणि 2009 मध्ये लंडनच्या लिलावात उगवले. ओरड झाली म्हणून लिलाव थांबला. ते पदक मोठे आणि एकुलते होते, म्हणून ओळखू आले. साध्या सवाराच्या तमग्यासाठी कोण ओरडणार?

आपल्या मराठी मुस्लिम लेखनाकडेही मला बोट दाखवावे लागेल. माझ्या वाचनातल्या कथा-आत्मकथनांत 1948 आहे, आणि ते असायलाच हवे. पण 1916 कुठे दिसत नाही. या दोन सालांचा संबंध आहे. दादीच्या माहेरची खते पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घराबरोबर जळाली, असे ती आईकडून ऐकत आली. तमगा तेवढा राखेतून निघाला. ही अमानत आहे, विकू नका, असे सांगणे मला सोपे होते. पण नातवाच्या कॉलेजची फी मला भरायची नव्हती. म्हणून एवढेच म्हणालो की, घेणाऱ्याला तमग्याबरोबर घरची हकीकतही घ्यायला लावा. ती म्हणाली, "तो मग आत्ताच लिखो." मी वहीचे पान फाडून उर्दूत लिहायला बसलो आणि सवयीने पलटणीपासून सुरुवात केली. तिने हात धरून थांबवले. आधी गाव, मग आजोबांच्या बापाचे नाव, मग आजोबांचे. पलटण शेवटी.