'राजी' : उडी जमली, शांतता नाही

मंडळी, 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा 2020चा खेळ आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. पण कोथरूडात बसून आम्ही केवळ गाववाले म्हणून गुण वाढवणार नाही.

जमलंय काय? राजी सर्कशीतली पोर, त्यामुळे भिंतीवरून धावणं, खांबावर चढणं तिला शोभतं. पहाडी चित्रांची छटा आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा डोळ्यांत राहते.

फसलंय कुठे? लढाया त्याच त्या होतात. शेवटही अचानक येतो. त्यात दुर्गा आणि विष्णू सतत बोलतात. राक्षसांनी नेलेल्या भावासाठी तिचा जीव तुटतो, हे आपल्याला सांगितलं जातं. तिच्यासोबत गप्प चालू दिलं जात नाही. देव जरा थांबले असते, तर बघा, राजी मोठी झाली असती.