खसखशीचे रिव्हेट

मला सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं तर मी शर्टच बदलतो. तेव्हा दुसऱ्याच्या हस्तकौशल्यावर टीका करायला जी मूलभूत लायकी लागते, ती माझ्या अंगी पुरेपूर आहे. म्हणूनच आमच्या कुडव्यातल्या गल्लीत तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी नंद्यांना नंबर द्यायचे असले की बोलावणं मलाच येतं. झूल ब्लाऊजपीसची, शिंगांना चॉकलेटची चांदी, गळ्यात आजीच्या तुटक्या पोतीतले मणी. हे सगळं मी चष्मा नाकावर ओढून बघतो आणि "ठीक आहे" म्हणतो. पोरं घाबरतात. टीकाकाराला आणखी काय हवं?

या लौकिकापायी परवा शेजारच्या काकाजींनी घरी बोलावलं. "गुरुजी, येऊन पाहा जी. पण खरं सांगजा."

टेबलावर आमची छोटी लाईन उभी होती. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी, अडीच फुटी रुळांची. गोंदिया-बालाघाटचे रूळ आधीच रुंद झाले, आणि 2015 साली पुढची छोटी गाडीही थांबली. आता तिची भेट घ्यायची तर नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जायचं. काकाजींच्या नातवंडांनी ती धावताना पाहिलेलीच नाही. तेव्हा आजोबांनी ती घरातच बांधली, 87 पटीने लहान. हे माप जगभर चालतं. पुण्याच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातल्या गाड्याही याच मापाच्या. या मापात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरांच्या आत बसतो आणि दोन रुळांमधलं अंतर भरतं पावणेनऊ मिलिमीटर.

"यांच्या इंजिनापायी माह्या घरात टिकली उरली नाही, न काडेपेटी उरली," काकू आतून म्हणाल्या. ही पहिली समीक्षा. मी फूटपट्टी आणि नातवाचा कॅल्क्युलेटर काढून दुसरी सुरू केली.

आधी गुण. स्लीपर आगकाडीचे होते. काडीची जाडी दोन मिलिमीटर, म्हणजे 87 पटीत सुमारे सात इंच. खऱ्या स्लीपरची रुंदी जवळपास तेवढीच! पाच फुटांच्या हिशेबाने एका काडीत दोन स्लीपर निघतात आणि गूल उरतो. स्टेशनची पत्र्याची शेड तर पाहत राहावी अशी. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी उवांच्या फणीवर ठेवून नखाने दाबलेली. खऱ्या पत्र्याची नाळी तीन इंचांची, लहान मापात ती मिलिमीटरच्या आत येते, आणि फणीचे दातही साधारण तितक्याच अंतरावर. काकाजींचा रक्तदाब असा सत्कारणी लागलेला पाहून मला भरून आलं.

आता दोष. बॉयलरवर खसखशीचे रिव्हेट चिकटवले होते. खसखशीचा दाणा एक मिलिमीटरचा. म्हणजे खऱ्या इंजिनावर रिव्हेट होणार पुरीएवढा! "चांदीच्या मागून बोथट सुई दाबा," मी म्हणालो. "पुढे बारीक टेंगूळ उठेल, तोच रिव्हेट." (सुईचा एवढाच उपयोग मला ठाऊक आहे, तोही वाचून.) रुळांखाली खडी म्हणून जाडा रवा पसरला होता. मापाने अगदी चोख, दोन-दोन इंची खडी. पण मुंग्यांना माप कुठे कळतं? मांजराएवढ्या मुंग्या मेन लाईनवरून खडी वाहून नेत होत्या. तिथे वाळू हवी, चाळणीने चाळलेली. स्टेशनमास्तरच्या घराला कवेलू होते भाताच्या तुसाचे. कल्पना गोंदियाची, राइस मिलच्या गावाला शोभणारी, आणि तुसाचा बाकही हुबेहूब कवेलूचा. पण एकेक कवेलू दोन फुटी! ते घर शाकारायला हत्ती लागेल.

शेवटी मी सिद्धांत मांडला. सिद्धांताशिवाय टीका म्हणजे नुसतं भांडण. "काकाजी, वस्तू कुठल्या डब्यातून आली हे दिसता कामा नये. हेडलाईट टिकलीची आहे हे कळलं की इंजिनाचं कपाळ होतं."

काकाजी मुकाट्याने लिहून घेत होते. माझी नजर ड्रायव्हरच्या केबिनकडे गेली. दांडीवर तांबड्या कापडाचा एक तुकडा टांगला होता. मी कॅल्क्युलेटर दाबला. "आणि हे काढा. वीण फार जाड आहे. या मापात एकेक धागा इंचभर जाडीचा दोर होतो."

काकाजींची पेन्सिल थांबली. "ते बाबांच्या दुपट्ट्याचं आहे जी," ते म्हणाले. "फायरमन होते. कोळसा मारून मारून त्यानंच घाम पुसत."

मी फूटपट्टी खिशात ठेवली. चहा झाला.

आठ दिवसांनी परत गेलो. खसखस गेली होती, वाळू आली होती, कवेलू कापून बारीक झाले होते, हेडलाईटची टिकली आता ओळखू येत नव्हती. दुपट्टा तिथेच होता. "आता?" काकाजींनी विचारलं.

"वीण जाडच आहे," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार? "पण काढू नका."

इतक्यात नातू आला. त्याने आगकाड्या पाहिल्या नाहीत, रिव्हेट पाहिले नाहीत, माझी वाळू तर नाहीच नाही. सगळं इतकं खरं झालं होतं की त्यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने बोट लावलं ते नेमकं त्या बेमाप तुकड्याला. "आजोबा, हे कायचं आहे?"

काकाजींनी त्याला जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. गाडी सुटली. बालाघाट आलं तरी थांबण्याचं लक्षण दिसेना. मी चष्मा नाकावर ओढला आणि "ठीक आहे" म्हणालो. या खेपेला कोणी घाबरलं नाही. कोणी ऐकलंच नव्हतं.