दारावर थांबलेली गोष्ट

नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत. मुकुंदनगर, झेंडीगेट, भिंगार इथल्या घरांतून दरवर्षी मुले-मुली पुण्याला नोकरीसाठी जातात, आणि जाण्याआधी घरात एक चर्चा होतेच: जागा कुठे घ्यायची? कोंढव्याला की खराडीला? भाडे किती, डिपॉझिट किती, कामाचे ठिकाण किती लांब, याचा हिशेब मोठ्याने होतो. मग आवाज खाली येतो आणि कोणीतरी विचारते, "नाव सांगितल्यावर देतील का?" खालच्या आवाजातला हा प्रश्न आपल्या मराठी लिखाणात कसा आला आहे, हे आम्हाला इथे तपासायचे आहे.

महानगरातल्या जागेचा प्रश्न मराठी साहित्याला नवा नाही. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. तिथे जागा अपुरी आहे, पण जागा कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हा त्या पुस्तकाचा प्रश्न नव्हे. तो प्रश्न दलित लेखकांनी आणला. बाबुराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत डोक्यावरचे छप्पर टिकवण्यासाठी जात लपवावी लागते, आणि ती उघड होताच मार खावा लागतो. दया पवार तर आपल्याच जिल्ह्याचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये त्यांनी मुंबईचा कावाखाना लिहिला. एकेका खोलीत दाटीने राहणारी बिऱ्हाडे, शेजारी नागपाडा आणि वेश्यावस्ती. पवारांनी गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांचा हिशेब मांडलाच. पण आपल्या माणसांची दारू, भांडणे, बायकांचे हालही झाकले नाहीत. 'बलुतं'चे मोठेपण आम्हाला त्यात दिसते.

आता आपल्याकडे वळू. हमीद दलवाईंच्या 'इंधन'चा (१९६५) नायक मुंबईहून कोकणातल्या गावी परततो. कादंबरी गावाची आहे, शहर मागे उरते. सोलापूरला १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि लिहिणाऱ्यांना मंच मिळाला. पाठोपाठ १९९२-९३ ची मुंबईची दंगल आली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला, त्यांत ५७५ मुसलमान. माणसे जुनी घरे सोडून मुंब्रा, मीरा रोड अशा ठिकाणी गेली. या हिजरतीनंतर घर शोधणारा माणूस आपल्या कथेत वारंवार येऊ लागला.

त्या कथेचा साचा वाचकांना पाठ झाला असेल. नायक जागा पाहतो, मालक चहा विचारतो, मग नाव विचारतो. त्याचा चेहरा उतरतो, दार बंद होते आणि कथा संपते. आम्हीही अशी कथा लिहिली आहे, म्हणून हा दोष आमच्याही पदरात आहे. प्रसंग खोटा नाही. मोहल्ल्याबाहेर घर मिळवताना मुसलमानांना येणाऱ्या अडचणी सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवल्या. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांची पाहणी २०१५ मध्ये छापली, तिथेही हेच दिसले. पण खरा प्रसंग म्हणजे पुरी कथा नव्हे. दार बंद झाल्यावर तो माणूस दुसऱ्या दिवशी कुठे गेला?

बहुधा तो कोंढव्याला जातो. तिथे त्याला हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणे आपण लिहीत नाही. अजान ऐकू येते, गोश्ताचे दुकान खाली आहे, डब्यात काय आहे हे कोणी विचारत नाही, रात्री घरी परतताना जीव मुठीत धरावा लागत नाही, मयत झाली तर खांदा द्यायला माणसे आहेत. ही ओढ भीतीतून येते, तशी आवडीतूनही येते. दोन्ही धागे वेगळे करून दाखवणे हे कथाकाराचे काम, आणि तेच राहून गेले आहे.

त्याहून मोठी उणीव आतल्या दारांची. आमची भाची पुण्यात नर्स म्हणून लागली. बाहेरच्या दोन सोसायट्यांनी नाव ऐकून नकार दिला, तेव्हा आम्ही तिला आपल्याच वस्तीत घेऊन गेलो. मालकाने सलाम घेतला, बिरादरी विचारली, जमात विचारली आणि शेवटी म्हणाला, "भाईजान, एकट्या मुलीला आम्ही देत नाही." नकार तोच होता, फक्त चहा आधी प्यायलो होतो. पहिल्या दोन नकारांवर आम्ही रागाने बोललो. तिसऱ्यावर परतीच्या एस.टी.त गप्प बसलो. आपल्या साहित्यात नेमकी हीच गप्प राहण्याची जागा मोकळी आहे. पवारांनी ती भरली, आपण अजून कचरतो. आतले लिहिले तर बाहेरचे त्याचा वापर करतील, ही धास्ती आम्ही समजू शकतो. पण या धास्तीपायी भाचीची कथा मरते.

नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून मौलाना आझाद कैदेत होते. तिथे लिहिलेल्या पत्रांचा 'गुबार-ए-खातिर' हा संग्रह १९४६ मध्ये आला. त्यात खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांची हकीकत आहे. मौलाना आधी त्यांना हुसकावतात, हरतात, मग हळूहळू दाणे टाकून दोस्ती करतात. हुसकावणारा हात आपला होता, हे ते स्वतःवर हसत सांगतात. कौमची तक्रार लिहिताना आपल्याला एवढे जमले तरी गद्य बदलेल.

भाचीला अखेर वडगाव शेरीत खोली मिळाली. सोबत नगरचीच एक ख्रिस्ती मुलगी आहे, त्याच इस्पितळातली. दोघींची भांडी वेगळी, गॅस एक. रमजानात सहरीला उठवायचे काम त्या मुलीने आपणहून घेतले आहे. भाचीला आम्ही म्हटले, हे लिही. ती म्हणाली, "मामू, घरमालकाला अजून माझे पूर्ण नाव माहीत नाही." तेही लिही, असे आम्ही तिला सांगितले आहे.