साच्याची निवड आणि जोखमीचे गुणांकन : एक चिकित्सा

इमारतीच्या काँक्रीटकामासाठी साचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सेंट्रिंग, निवडताना खर्च आणि पुनर्वापराची संख्या हे निकष परंपरेने पुढे येतात. त्यांच्या जोडीला अपयशाच्या जोखमीचे गुणांकन आले. प्रत्येक संभाव्य बिघाडाची तीव्रता, त्याची शक्यता आणि तो वेळीच लक्षात येण्यातील अडचण यांना १ ते १० गुण द्यावयाचे व त्यांचा गुणाकार करावयाचा, अशी ही रीत होय. खर्चापलीकडे पाहण्याची सवय तिने लावली, हे मान्य करावयास हवे.

तथापि हे गुण केवळ क्रम दर्शवितात. ८ गुणांचा धोका ४ गुणांच्या दुप्पट असतोच असे नाही. ९, २ व २ यांचा गुणाकार ३६ येतो; ३, ४ व ३ यांचाही ३६. पहिल्या ओळीत टेकू कोसळून मजूर दगावतात, दुसरीत काँक्रीटचा पृष्ठभाग खडबडीत राहतो. तक्त्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

याहून गंभीर उणीव अशी, की प्लायवूड, पोलाद वा ॲल्युमिनियम यांचे अंगभूत गुणदोष तपासताना काळ हा घटकच सुटतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी वीजकेंद्राच्या शीतन-मनोऱ्याचे काम चालू असताना ५१ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे साचा व पराती यांचा भार आदल्याच दिवशी ओतलेल्या थरावर होता. त्या थराला पुरेसे बळ येण्यापूर्वीच भार पडला, हे सर्वाधिक संभाव्य कारण असल्याचे चौकशीत दिसून आले. साच्याच्या साहित्याला कितीही चांगले गुण दिले असते, तरी हा धोका तक्त्यात उमटला नसता.

भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यासाठी १४ दिवस ठेवावयाचे असतात. मात्र हे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि १५ अंश सेल्सिअसखाली न जाणाऱ्या तापमानासाठी आहेत. पोझोलाना सिमेंटला सुरुवातीचे बळ सावकाश येते. पुणे-नाशिककडील डिसेंबरच्या रात्री पारा १५ अंशांखाली सहज उतरतो. ॲल्युमिनियमच्या साच्याचे जलद चक्र तक्त्यात गुण म्हणून मोजले जाते. त्या घाईत खालच्या कोवळ्या स्लॅबवर येणाऱ्या वरच्या मजल्याच्या भाराला मात्र रकाना नसतो. म्हणून गुण एकट्या साच्याला न देता साचा, सिमेंट, हंगाम व मजल्याचे चक्र या जुळणीला द्यावयास हवेत. आणि साचा सोडण्याची परवानगी स्लॅबशेजारीच, त्याच हवेत ठेवलेल्या घनांच्या चाचणीवर अवलंबून ठेवावयास हवी.