फणीवरील लेख आणि सूचीतील चिठ्ठी : व्हायकिंगकालीन प्रसाधनसाधनांच्या संग्रहव्यवहाराविषयी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फणी ठेवण्याचे एक लहानसे घर जतन केलेले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील लिंकन येथे ते सापडले. आतली फणी केव्हाच नाहीशी झाली. राहिले ते घर, आणि त्यावर रून लिपीत कोरलेले चार शब्द : ‘कंब कोथन किअरी थोर्फास्त्र’. ‘फणी चांगली केली थोर्फास्तने’ एवढाच त्यांचा अर्थ. उत्तरकालीन रून लिपीत चिन्हे अवघी सोळा. ‘ग’ला स्वतंत्र चिन्ह नसल्याने त्याचे काम ‘क’च्या चिन्हाने भागविले आहे. मराठी वाचकाला विशेष वाटावे ते असे की, हे वाक्य शब्दाला शब्द लावून, क्रम तसूभरही न बदलता मराठीत उतरते. कारण कर्ता कोण आणि कर्म कोणते हे प्राचीन नॉर्स भाषेत शब्दाच्या स्थानावरून नव्हे, तर त्याच्या रूपावरून ठरत असे.

ह्या चार शब्दांना भाषेच्या इतिहासात जे मोल आहे ते मात्र व्याकरणामुळे आलेले नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले डेन लोक आपली भाषा किती पिढ्या बोलत राहिले, हा तेथील भाषेतिहासातील एक जुना वादविषय. तिथल्या भूमीत सापडलेले नॉर्स रूनलेख मोजके. त्यामुळे लिंकनच्या साक्षीला वजन. त्यातही एक शंका राहतेच. फणीघर ही कमरेला लटकवून न्यावयाची वस्तू. थोर्फास्तने ते लिंकनमध्ये बसून कोरले, की ते डेन्मार्कमधून कोणाच्या तरी सामानातून आले? ही शंका निदान विचारता येते, ती केवळ ‘लिंकन’ हे सापडण्याचे ठिकाण नोंदले गेले म्हणून. ती नोंद हरवली असती तर लेखाचे व्याकरण तेवढेच शुद्ध राहिले असते, पण इंग्लंडमधील नॉर्स भाषेविषयी तो एक अक्षरही बोलू शकला नसता.

ह्या पार्श्वभूमीवर पुरावस्तूंच्या लिलावसूच्या वाचावयास घ्याव्यात. त्यांत ‘व्हायकिंग प्रसाधनसाधने’ ह्या सदराखाली कांस्याचे चिमटे, कानकोरणी, नखे साफ करण्याच्या अणकुचीदार काड्या, क्वचित ह्या तिन्ही वस्तू एका कडीत ओवलेला जुडगा, अशी सामग्री आढळते. प्रत्येकीखाली एक आटोपशीर ओळ : ‘व्हायकिंग, नववे ते अकरावे शतक’. पुढे कधी ‘युरोपातील जुना खाजगी संग्रह’ एवढाच उगम. ही ओळ वर्णनासारखी दिसते. वस्तुतः ती अनुमान आहे, आणि त्या अनुमानाचा आधार सूचीत कोठेही दिलेला नसतो. कांस्याच्या चिमट्याचे रूप रोमन काळापासून मध्ययुगापर्यंत फारसे पालटलेले नाही. एक पट्टी मधोमध वाकविली की चिमटा तयार होतो. कडीत ओवलेले जुडगे रोमन ब्रिटनमध्ये होते, प्रारंभीच्या अँग्लो-सॅक्सन कबरींतही आहेत. तेव्हा निव्वळ घाटावरून त्यांचे शतक सांगणे, हे अवतरणाचा ग्रंथ ठाऊक नसता त्याचा कर्ता सांगण्यासारखेच धाडसाचे होय.

‘व्हायकिंग’ हा शब्दही ह्या ठिकाणी तपासून पाहण्याजोगा आहे. प्राचीन नॉर्समध्ये ‘विकिंग्र’ म्हणजे समुद्रमार्गे लुटीस जाणारा पुरुष. तो व्यवसायवाचक शब्द. वंशवाचक नव्हे, कालवाचक तर नव्हेच. आधुनिक इतिहासलेखनाने सोयीसाठी त्याचे कालनाम केले, आणि सूचीकाराने त्या कालनामाचे पुन्हा माणसात रूपांतर केले. परिणाम असा की, जटलंडमधील एखाद्या शेतकरणीने कान कोरावयास वापरलेली काडी गलबतावरील लुटारूच्या हातात जाऊन पडते. ज्या वस्तूला ग्राहक मिळाला नसता तिला तो मिळतो.

ह्या चिठ्ठीच्या जोडीला एक गोष्टही दिली जाते : व्हायकिंग मोठे टापटिपीचे होते. तिचा मुख्य आधार जॉन ऑफ वॉलिंगफोर्ड ह्याच्या नावाने ओळखले जाणारे इतिवृत्त. डेन लोक रोज केस विंचरीत, दर शनिवारी स्नान करीत, वरचेवर कपडे बदलीत आणि त्यामुळे इंग्रज सरदारांच्या बायका वश करून घेत, अशी त्यात तक्रार आहे. परंतु हे इतिवृत्त तेराव्या शतकातले. ज्या 1002 मधील डेनांच्या कत्तलीच्या संदर्भात ही तक्रार येते, तिच्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने लिहिलेले. शिवाय कत्तलीचे समर्थन करू पाहणाऱ्याला तक्रार हवीच असते. उलट 921–922 मध्ये बगदादहून व्होल्गाकाठी गेलेल्या इब्न फदलानने तेथील रूस लोकांना अत्यंत गलिच्छ ठरविले. एकाच पात्रातल्या पाण्यात एकामागून एक सर्वजण तोंड धुतात, ह्याची त्याला किळस आली. मात्र त्याच पात्रावर ते फणीने केस विंचरतात, हेही तो सांगतो. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलत असता ज्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते ती फणी होय. सूच्यांत बहुधा पहिलाच साक्षीदार बोलाविला जातो. शनिवारविषयी भाषेची स्वतंत्र साक्ष आहे : नॉर्समधील ‘लाउगरदग्र’ म्हणजे स्नानाचा वार. आजच्या आइसलँडिक, डॅनिश, नॉर्वेजियन व स्वीडिश भाषांतील शनिवारचे नाव त्यातूनच आलेले आहे. इतर वारांची नावे देवांच्या किंवा ग्रहांच्या नावांवरून पडावीत आणि एकाच वाराला न्हाणीघराने नाव द्यावे, हे मोठे बोलके आहे.

फणीची घडण पाहिली असता चिमटा आणि ती ह्यांतील अंतर ध्यानात येते. ती बहुधा हरणाच्या भरीव शिंगाची. दात मोडू नयेत म्हणून शिंगाच्या तंतूंची दिशा दातांच्या दिशेने राखावी लागे. त्यासाठी लहान लहान चकत्या शेजारी शेजारी मांडून त्या दोन लांब पट्ट्यांमध्ये खिळ्यांनी जखडीत, आणि दात कापीत ते सर्व जोडून झाल्यावर. पट्ट्यांच्या खालच्या कडेवर करवतीचे निसटते ओरखडे आजही दिसतात. कारागिराचा हात तिथे प्रत्यक्ष भेटतो. शिंगाच्या अल्पशा नमुन्यातील प्रथिनांवरून ते कोणत्या प्राण्याचे हेही आता ओळखता येते. हेडेबी हे व्यापारी नगर आजच्या उत्तर जर्मनीत. रेनडिअर त्या परिसरात नव्हते, त्यांचा वावर दूर उत्तर स्कँडिनेव्हियात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील तपासलेल्या फण्यांपैकी बहुतेक रेनडिअरच्या शिंगाच्या ठरल्या. नगरातील कारखान्यांचा टाकाऊ चुरा मात्र मुख्यतः स्थानिक हरणांच्या शिंगाचा. म्हणजे फण्या तयार होऊनच उत्तरेकडून येत असल्या पाहिजेत. हा निष्कर्ष फणी आणि चुरा एकाच ठिकाणी, एकाच उत्खननपद्धतीने हाती आले म्हणून निघाला. चुरा कोणी संग्राहक विकत घेत नाही.

लेख असलेल्या फण्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. डेन्मार्कमधील फ्यून बेटावरच्या विमोस दलदलीत सापडलेल्या फणीवर ‘हार्या’ असा शब्द आहे; ती व्हायकिंग काळाच्या कितीतरी आधीची, सुमारे इ. स. 160 ची, आणि तिच्यावरचा लेख सर्वांत जुन्या रूनलेखांत गणला जातो. तिचे वय सांगितले ते तिच्या सोबत दलदलीत गेलेल्या वस्तूंनी. जर्मनीतील एर्फुर्टजवळच्या फ्रीनश्टेट येथील तिसऱ्या शतकातील फणीवर ‘कबा’ कोरलेले आहे. अनुनासिक न लिहिण्याची त्या लेखनाची रीत लक्षात घेता तो शब्द ‘कंबा’, म्हणजे फणीच. प्राचीन जर्मानिकमध्ये ज्या अन्त्य ‘झ’ची अपेक्षा करावी तो येथे नाही. पश्चिम जर्मानिक भाषा इतरांपासून वेगळ्या होऊ लागल्याची ही फार जुनी खूण होय. पण जुनी हे विशेषण फणीचा काळ ठाऊक असेल तरच लावता येते. रीबे येथील सुमारे 800 मधील फणीवर एका बाजूस ‘फणी’ हे नाम व दुसऱ्या बाजूस ‘विंचरणे’ हे क्रियापद आहे. जणू कोणी धातुपाठ गिरवीत बसले होते. आणि हा ‘कंब’ मुळात दातवाचक शब्द. संस्कृतातील ‘जम्भ’ त्याचाच सख्खा भाऊ. वस्तूने स्वतःचे नाव स्वतःवर लिहून ठेवावे, आणि ते नाव वेदभाषेपर्यंत पोहोचावे, असा योग भाषाशास्त्रज्ञाच्या वाट्याला वरचेवर येत नाही.

बाजारात मात्र मान चिमट्याला आहे. ह्याचे कारण अभिरुचीत शोधण्यापेक्षा यंत्रात शोधावे. धातुशोधक यंत्राला कांस्य ऐकू येते, शिंग ऐकू येत नाही. त्यातून आम्लधर्मी जमिनीत शिंग विरून जाते. कायद्यांचाही ह्यात वाटा आहे. डेन्मार्कमध्ये ‘दानेफे’ ह्या मध्ययुगापासूनच्या परंपरेनुसार मोलाची पुरातन वस्तू शासनाकडे सोपवावी लागते व शोधणाऱ्यास मोबदला मिळतो. नॉर्वेत 1537 पूर्वीच्या अशा जंगम वस्तू सामान्यतः शासनाच्या मालकीच्या. इंग्लंडमधील 1996 च्या कायद्याचा भर प्रामुख्याने सोन्याचांदीवर. 2023 मध्ये त्याची कक्षा काहीशी वाढविली गेली, तरी एकटे सापडलेले कांस्याचे कानकोरणे बहुधा तिच्या बाहेरच राहते. तिथे 1997 पासून हौशी शोधकांच्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना आहे, आणि तिने अभ्यासकांना मोठे ऋणी करून ठेवले आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. संग्राहक म्हणजे शत्रू, ही भूमिका त्यामुळेच टिकत नाही. शेत कोणते, वस्तू किती खोल होती, शेजारी काय होते, ह्याची चार ओळींची नोंद ठेवणारा हौशी माणूस नुसती सुबक छायाचित्रे छापणाऱ्या सूचीकाराहून शास्त्राच्या अधिक जवळचा.

स्वीडनमधील बिर्का येथे यालमार स्टॉल्पे ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजाराहून अधिक कबरी खणल्या आणि त्यांतील अनेकांचे आराखडे काढून ठेवले. फणी कोणत्या अंगाला होती, कोणत्या वस्तूंजवळ होती, हे आजचा अभ्यासक त्या आराखड्यांना विचारू शकतो. लिलावातील कानकोरण्याविषयी असे काहीच विचारता येत नाही. त्याच्याखाली प्रामाणिकपणे लिहावयाचे तर ‘कांस्य, उगम अज्ञात, काळ अनिश्चित’ एवढेच लिहावे लागेल. तसे लिहिल्यावर त्याची बोली किती उतरते, ते एखाद्या सूचीकाराने करून पाहण्यासारखे आहे.