पुठ्ठ्याचे भूतघर

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी पुठ्ठ्याची चिमुकली भूतघरे करतात. त्यांचे दुहेरी उताराचे मॅन्सार्ड छप्पर ही तेथील यादवी युद्धानंतरच्या धनिकांची हौस. ती जुनी झाली आणि ओस वाड्यांना भुताची कीर्ती लाभली. एडवर्ड हॉपरने १९२५ साली रेल्वेरुळांलगतचे असेच एक घर रंगविले. हिचकॉकच्या ‘सायको’तील (१९६०) घरावर त्याचीच छाया आहे. त्या चित्रात भूत नाही, माणूसही नाही. हौशी कारागीर मात्र खिडकीखिडकीत सांगाडे चिकटवितात! वकिली भाषेत बोलायचे तर, पुरावा हाती आला की संशय सरतो, आणि भीती तर संशयावरच जगते. खिडकी नुसती कोरावी, आतून पिवळा पातळ कागद लावावा, मागे विजेचा मंद दिवा ठेवावा. आत कोण जागे आहे, ते मुलांनाच ठरवू द्यावे.