पडद्यावरील पानगृह आणि मौनाचा प्रश्न

लॉरी केंडल यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हँगिंग आउट इन द व्हर्च्युअल पब’ या ग्रंथाचा विषय म्हणजे संगणकावर केवळ अक्षरांच्या आधारे चालणारे एक पानगृह होय. ‘ब्लूस्काय’ हे त्याचे लेखिकेने दिलेले टोपणनाव. येथे जमणारे बहुसंख्य लोक अमेरिकन पुरुष आहेत; त्यांची लिंगभेदाची जाणीव पडद्यावर पुसली जात नाही, हे केंडल यांचे प्रतिपादन साधार आहे. शंका उपस्थित होते ती ‘पानगृह’ या उपमेविषयी.

रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली घर व कामाचे ठिकाण यांहून निराळ्या ‘तिसऱ्या स्थळा’ची कल्पना मांडली आणि संभाषण हा तेथील प्रमुख व्यवहार मानला. एवढ्याच लक्षणावर बोट ठेवले तर ब्लूस्काय पानगृह ठरते. तथापि कोपऱ्यात पेला धरून बसलेले जुने गिऱ्हाईक तासभर न बोलताही मंडळींत असते. केवळ सान्निध्य जोडण्यासाठी केलेल्या भाषणाचे विवेचन करताना मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ साली दुसऱ्याचे मौन भयप्रद वाटते असे म्हटले होते. अपरिचितांपुरते ते खरे. परिचितांत निर्धास्त मौन हेच परिचयाचे फळ असते. अक्षरांच्या पानगृहात मात्र मौन व अनुपस्थिती यांतील भेद मावळतो. यादीत नाव दिसते; मनुष्य खुर्चीत आहे की जेवावयास उठला, हे कळत नाही.

म्हणून सर्वच गोष्टींची वाक्ये करावी लागतात. हसूदेखील स्वतःविषयी तृतीय पुरुषी वाक्य रचून कळवावयाचे. प्रत्यक्षातील हसू आवरता न आल्यामुळेच विश्वसनीय ठरते. येथे ते हेतुपुरस्सर केलेले विधान होते. (इंग्रजी क्रियापद हसणाऱ्याचे लिंग झाकते, मराठीत ‘हसतो’ की ‘हसते’ हे ठरविल्यावाचून वाक्य उभे राहत नाही. केंडल यांच्या प्रश्नाला मराठी सामग्री कदाचित निराळे उत्तर देईल.) २०२० च्या महासाथीत दृक्‌श्राव्य माध्यमातून भरलेल्या बैठकांत चेहरे परतले खरे, पण कोण कोणाकडे पाहत आहे हे तेथेही उमजेना.

प्रत्यक्ष पानगृहाचे दार सर्वांस सारखे उघडे नसते, विशेषतः एकट्या स्त्रीस, हे ओल्डेनबर्ग यांच्या विवेचनात पुरेसे जाणवत नाही. त्या बाबतीत केंडल अधिक सावध आहेत. ब्लूस्कायची मंडळी प्रत्यक्षही भेटत असत आणि लेखिका अशा मेळाव्यांना उपस्थित होती. पडद्यावर अखंड बोलणारी ही माणसे समोरासमोर बसल्यावर केव्हा व किती गप्प राहिली, याचे सविस्तर वर्णन ग्रंथात असते तर उपमेची खरी परीक्षा तेथेच झाली असती.